रुमालाखालचं उत्तर

उत्तर आलं तेव्हा पद्मजा मगदूम मिरजेच्या इस्पितळातल्या कँटीनमध्ये उप्पीट खात बसली होती. फोनवर एकच शब्द होता: नाही. शब्दाखाली हिरवी खूण, म्हणजे पुरावा तपासून झाला, उत्तर नियमाला धरून आहे, शंकेला जागा नाही. पद्मजानं शब्द वाचला, उरलेलं उप्पीट संपवलं आणि बशी उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली. सख्ख्या भावाला घरातलं कुणीच किडनी देऊ शकत नाही हे कळल्यावर माणसानं निवांत उप्पीट खाऊ नये, एवढं तिलाही समजत होतं. पण हात चालत होते, तोंड चालत होतं, आणि आत काही म्हणता काही हलत नव्हतं.

वर डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर आई आणि वहिनी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. उत्तर तिघींच्याही फोनवर एकदमच आलं होतं. काचेपलीकडं अभिनंदन, पद्मजाचा थोरला भाऊ, तिचा अण्णा, हाताला नळ्या लावून पडला होता. वडिलांच्या मागं सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत त्यानंच सांभाळली. दिवसभर पोत्यांच्या धुरळ्यात उभा राहून शिंकत शिंकत हसणारा गडी, वर्षभरात निम्मा झाला होता.

"माझं साखरेमुळं बाद होणार, ते ठाऊकच होतं," आई म्हणाली. "पण तुमच्या दोघींचा रक्तगट त्याचाच की. मग नाही कसं येतंय?"

"डॉक्टर सांगतील, आत्ती," वहिनी म्हणाली. वहिनीचं नाव त्रिशला.

"डॉक्टर काय सांगणार? त्यांना तरी कुठं कळतंय. आमच्या पद्मानंच तसं करून ठेवलंय." आईनं पदर तोंडाला लावला. सुनेकडं तिनं बघितलं नाही, आणि त्या दिवसापासून ती बघायचीच बंद झाली.

आता पद्मानं काय करून ठेवलं होतं ते सांगायला हवं. पूर्वी हळदीच्या, गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून आकडा ठरवत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. पद्मजानं लहानपणी वडिलांकडून हे ऐकलेलं. मोठेपणी ती सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत करार लिहू लागली. कागदावरचे नव्हेत, यंत्रात आपले आपण चालणारे. 'मौन' नावाची एक भाषा होती, तिच्यात हे करार लिहायचे. त्यांत घातलेली माहिती सीलबंद राहते, करार पाळला जातो, शेवटी उत्तर तेवढं बाहेर येतं. उत्तरासोबत एक छोटा पुरावा येतो. तो कुणीही क्षणात तपासावा. माहिती खरी होती आणि नियम पाळले गेले, इतकं त्यातून पक्कं कळतं. त्यापलीकडं काडीचंही कळत नाही. इस्पितळांसाठी तिनं असा एक करार लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'रुमाल'.

गरजही तशीच होती. नवऱ्याच्या किडन्या गेल्या की डॉक्टर सगळ्या घरासमोर विचारायचे, कोण देणार? सासू, दीर, जावा सगळे सुनेकडं बघायचे. अशा वेळी नाही म्हणायला कुणाची जीभ रेटणार? म्हणून नवा कायदा आला. नातेवाइकांच्या तपासण्यांचे आकडे प्रयोगशाळेतून सीलबंद जायचे. मग एकेकानं एका लहानशा खोलीत एकट्यानं जायचं आणि हो किंवा नाही दाबायचं. रुमालाखाली सगळ्याचा मेळ बसायचा आणि साऱ्या घराला मिळून एक शब्द मिळायचा. हो आलं तर ज्याचं सगळ्यात चांगलं जुळतंय त्याला गुपचूप फोन जायचा. नाही आलं तर कुणाचं रक्त आडवं आलं आणि कुणाचं मन, हे ब्रह्मदेवालाही कळू नये अशी व्यवस्था होती.

पद्मजानं हट्टानं आणखी एक गोष्ट घातली होती. आपण काय दाबलं याची पावती कुणालाच मिळायची नाही. पावती असली की सासू म्हणणार, दाखव. म्हणून दाखवायला काही ठेवलंच नाही. खरं उत्तर आणि खोटी बढाई बाहेरून अगदी सारखी दिसली पाहिजे, असं ती भाषणांत सांगायची. तिला भाषणांना बोलावणी यायची.

आणि त्या खोलीत ती स्वतः गेली तेव्हा तिनं 'नाही' दाबलं.

का, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. घटस्फोटानंतर ती विश्रामबागेत एकटी राहत होती, ऑपरेशननंतर तिचं बघायला कुणी नव्हतं, ते एक. पण ते काही खरं कारण नव्हे. खरं कारण फार साधं होतं. त्या खुर्चीवर बसल्यावर तिच्या मनात आलं, वहिनी देईलच की. बायकांना नाही म्हणता यावं म्हणून जिनं सगळा खटाटोप केला, तिनं आपल्या वहिनीला मनातल्या मनात असं धरून ठेवलं होतं. खोलीबाहेर बसलेल्या मुजावर सिस्टरनी नेहमीसारखं विचारलं, "झालं का, ताई?" आणि पद्मजा झालं म्हणून बाहेर आली.

घरात पुढं जे व्हायचं ते झालं. एकदा जैन घराच्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले असताना त्रिशलानंच विषय काढला.

"आत्ती, मी हो म्हटलं होतं."

"मी काय म्हटलं का तुला?"

"म्हणत नाही, पण माझ्या हातचा चहा घेत नाही तुम्ही. शेजारच्या काकू मला विचारतात, तुझ्या मनात काय आलं म्हणून."

"हो म्हटलीस तर दाखव की मग."

"काय दाखवू? वन्संनाच विचारा, दाखवता येतं का ते." त्रिशला नांदणीची. लग्नानंतर चेष्टेनं ती नणंदेला वन्सं म्हणायची, मग तेच तोंडात बसलं.

सगळ्यांनी पद्मजाकडं बघितलं. अण्णानंसुद्धा.

"नाही येत, आई. कुणालाच दाखवता येत नाही," पद्मजा म्हणाली. हे खरंच होतं. यापुढं आणखी एक वाक्य बोलायची ती वेळ होती. पद्मजानं चटणी वाढून घेतली.

"ज्यांच्या मनात असतं त्यांना दाखवावं लागत नाही," आई म्हणाली.

त्रिशलानं ताट तसंच ठेवलं, लेकीला, पूर्वाला, उठवलं आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. तरी डायलिसिसच्या दिवशी न चुकता नांदणीहून बस पकडून मिरजेला यायची, नवऱ्याजवळ बसायची, त्याचे पाय चेपायची आणि परत जायची. सासू आली की उठून कॉरिडॉरमध्ये उभी राहायची. पद्मजा हे सगळं बघत होती. भूल दिलेल्या दातावर डॉक्टर काम करतो, आवाज ऐकू येतो, दुखत मात्र नाही, तसं तिचं चाललं होतं.

त्याच दिवसांत कोल्हापुरात तिचा सत्कार झाला. रुमाल सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. व्यासपीठावरच्या बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला. रुमालाआधी किडनी देणाऱ्यांत बायकोचा नंबर आईच्या खालोखाल असायचा. रुमालानंतर पाच जिल्ह्यांत एकाही बायकोनं नवऱ्याला किडनी दिली नव्हती. एकीनंही नाही. उलट नवरे बायकांना देऊ लागले होते आणि थोरले भाऊ पुढं येत होते. "बायकांना पहिल्यांदाच खरंखुरं नाही म्हणता आलं, आणि बघा त्या काय म्हणाल्या," बाई म्हणाल्या. टाळ्या थांबेनात. पेपरवाल्यांनी तर पुरुष सुधारले असंही छापून टाकलं. पद्मजानं शाल घेतली, नारळ घेतला, फोटोत हसली. त्या आलेखातला एक नकार आपला आहे, हे ती जाणून होती. दुसरा वहिनीचा असावा असं तिला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे, तसं असलं तर बरं, असं वाटत होतं.

मग एके सकाळी अण्णाच बोलून गेला. त्याच्या अंगात बसायचं बळ नव्हतं, पण चेष्टा करायची खोड गेली नव्हती.

"पद्मे, एक गंमत सांगू? ह्या वॉर्डात सगळे थोरले."

"कसले थोरले?"

"घरातले. मी थोरला. तो पलूसचा पैलवान, थोरला. खिडकीजवळचे गुरुजी, चार भावांत थोरले. ती कवठ्याची बाई, तिला तीन भाऊ, सगळे धाकटे. एखादा धाकटा आला की महिनाभरात त्याचं जुळतं, तो जातो घरी. आम्ही आपले इथंच." तो हसला, मग त्याला धाप लागली. "थोरल्यांनी आयुष्यभर धाकट्यांचं करायचं आणि शेवटी..." समोर धाकटी बहीण बसलीय हे त्याच्या ध्यानात आलं. "तुला नाही म्हणत गं."

पद्मजा त्याच्याकडं बघत राहिली. धाकटे भाऊ देत नाहीत, धाकट्या बहिणी देत नाहीत. आणि बायका? बायकाही नवऱ्यापेक्षा लहानच असतात. म्हणजे हा नात्याचा प्रश्नच नव्हता. वयाचा होता. देणारा घेणाऱ्यापेक्षा लहान असला की उत्तर नाही. इतक्या घरांतल्या इतक्या धाकट्यांची मनं एकजात कशी बदलतील? माणसं अशी एका सुरात वागत नाहीत. यंत्रं वागतात.

ती तिथून उठली ती थेट ऑफिसात गेली आणि आपणच लिहिलेला करार ओळीओळीनं वाचू लागली.

डॉक्टरांनी एक नियम दिला होता. देणारा माणूस घेणाऱ्यापेक्षा फार वयस्कर नको, तीस वर्षांहून जास्त फरक नको. पद्मजानं तो सरळ लिहिला होता: देणाऱ्याच्या वयातून घेणाऱ्याचं वय वजा करायचं आणि फरक तीसच्या आत आहे का ते बघायचं. शाळेतल्या पोरालाही यात खोट दिसणार नाही. पण सीलबंद हिशेबाचं गणित शाळेतलं नसतं. त्यात उणे आकडेच नसतात. आकडे एका प्रचंड मोठ्या घड्याळाच्या तबकडीवर बसवलेले असतात. शून्याच्या मागं एक पाऊल टाकलं की उणे एक येत नाही, माणूस तबकडीच्या दुसऱ्या टोकाला, सत्तरेक आकडी संख्येवर जाऊन पडतो. अण्णा चव्वेचाळीसचा, त्रिशला अडतीसची. अडतीसातून चव्वेचाळीस गेले की तुम्हीआम्ही म्हणू, उणे सहा. रुमालाच्या हिशेबी मात्र त्रिशला नवऱ्याहून इतक्या वर्षांनी मोठी निघाली की तेवढी वर्षं या पृथ्वीनंही बघितलेली नाहीत. म्हणजे वयात बाद. बाद माणसाच्या इच्छेला शून्यानं गुणायचं, असा पुढचा नियम होता. शून्यानं गुणल्यावर हो काय आणि नाही काय.

पुरावा खोटा नव्हता. पद्मजानं जे लिहिलं ते यंत्रानं इमानेइतबारे पाळलं, इतकंच पुराव्यानं सांगितलं होतं. तिनं लिहिलेलं बरोबर आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मौन भाषेच्या साधनानं त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून सावध केलं होतं. पण अशा पिवळ्या रेघा ढिगानं येतात, या धंद्यातले सगळेच त्या दडवून पुढं जातात. तिनंही दडवली. करार तपासायला आलेल्या तज्ज्ञांनी गुपित कुठून फुटतंय का ते डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि ते कुठूनही फुटत नव्हतं. आणि करार चालवून बघायला पद्मजानं स्वतः जी उदाहरणं रचली होती ती आता तिनं उघडली. प्रत्येक उदाहरणात देणारी आई होती. आई आणि मुलगा, आई आणि मुलगी, पुन्हा आई आणि मुलगा. किडनी देणार ती आई, असं तिच्या बोटांनीच ठरवून टाकलं होतं. एका उदाहरणात जरी तिनं बायको घातली असती, तर चूक त्याच दुपारी सापडली असती.

म्हणजे तिच्या नकारानं काही बिघडलं नव्हतं. तिनं हो म्हटलं असतं तरी यंत्रानं ते शून्यातच काढलं असतं. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तिनं क्षणभर वाट पाहिली, तसं काही वाटलं नाही. त्रिशलाचं हो मात्र खरं असू शकत होतं.

कंपनीचे मालक वैभव आवटी भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "आजच दुरुस्त करून टाकू. गाजावाजा नको. ज्यांना नाही आलं त्यांना काहीतरी निमित्त काढून पुन्हा बोलावू."

"सगळ्यांना बोलावता येणार नाही, सर."

"का?"

"त्यातले काही गेले असतील."

गेलेल्यांचे आकडे पुन्हा मांडून बघावेत, तर सीलबंद माहिती उत्तर आल्याबरोबर पुसली जायची. तीही पद्मजाचीच हौस. कुणाचं जुळत होतं, कुणाचं नव्हतं, हे आता कधीच कळणार नव्हतं. पद्मजानं काय घडलं ते चार साध्या वाक्यांत लिहिलं, खाली आपलं नाव घातलं आणि संध्याकाळच्या आत जाहीर करून टाकलं. आवटींनी अडवलं नाही, मदतही केली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांनी तिचा शाल पांघरलेला फोटो पुन्हा छापला, या वेळी वेगळ्या मथळ्याखाली. लोक वाट्टेल ते बोलले. ते सगळं तिनं वाचलं आणि काही लागलं नाही.

मुजावर सिस्टरचं बोलणं मात्र लागलं. घराघरांत फोन करायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. "एका बाईचा नवरा उन्हाळ्यातच गेला," त्या म्हणाल्या. "रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, म्हणजे माझं जुळत होतं का हो? मी काय सांगू, ताई? तुम्हीच सांगा, काय सांगायचं?"

"तुम्हाला माहीत नाही असं सांगा."

"तेच सांगितलं. ती म्हणाली, मग माहीत कुणाला आहे?"

पद्मजा बाहेर पडली. ती इस्पितळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तेवढ्यात पैलवानाची बायको तिला ओलांडून वर गेली, दुसऱ्यांदा खोलीत जायला.

मगदुमांनाही पुन्हा बोलावणं आलं. आईला साखरेमुळं आधीच वगळलेलं, म्हणून दोघीच जायच्या होत्या. त्रिशला नांदणीहून आली. कॉरिडॉरमध्ये दोघी शेजारी बसल्या तेव्हा पद्मजा म्हणाली, "वहिनी, तुला आता नको वाटत असलं तर नाही म्हण. कुणी काही म्हणणार नाही."

"ते तुम्ही नाही सांगायचं, वन्सं," त्रिशला म्हणाली. "तेवढ्यासाठीच खोली केलीय ना तुम्ही?" आणि उठून आत गेली.

मग पद्मजा गेली. या वेळी तिनं 'हो' दाबलं. धैर्य आलं होतं म्हणून नव्हे, पश्चात्ताप उफाळून आला होता म्हणूनही नव्हे. त्या विधवेचा प्रश्न डोक्यात होता आणि बोट हो वर गेलं. बाहेर येताना कालची पद्मजा आणि आजची पद्मजा यांत जगाला दिसेल असा काही फरक नव्हता.

उत्तर आलं: हो.

तिनं फोन हातात धरून ठेवला. जुळलेल्या माणसाला फोन येणार होता. तिचा वाजला नाही. पुढच्या आठवड्यात त्रिशला पूर्वाला घेऊन सांगलीच्या घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझं जुळलंय. ऑपरेशनची तारीख घेऊन आलेय."

आईनं तिला जवळ ओढलं, कानशिलावर बोटं मोडली, गल्लीभर सांगून आली की माझी सून लाखात एक. लेकीचंही कौतुक झालं, चूक शोधली म्हणून. चूक केली कुणी, हे आईनं सोयीस्करपणे पोटात घातलं. त्रिशला हसली नाही, रागावलीही नाही. घरातलं आवरायला लागली. शेवटच्या क्षणापर्यंत तिला माघार घेता येते, डॉक्टर कसलंही निमित्त सांगून ती झाकतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. अण्णासुद्धा बायकोकडं पाणी मागायला कचरत होता.

तारीख भाद्रपदातली होती, पर्युषण पर्व संपल्यानंतरच्या सोमवारची. आदल्या शुक्रवारी क्षमावणी आली. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन झालं की लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि उत्तम क्षमा म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करावी. काय दुखावलं ते कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. मागणाऱ्याचंही झाकलेलं राहतं आणि देणाऱ्याचंही, आणि गाव पुन्हा एकत्र जेवायला बसतं.

बस्तीतून आल्यावर आईनं सोप्यात सुनेपुढं हात जोडले. "उत्तम क्षमा, त्रिशला. कळत-नकळत काही चुकलं असलं तर..."

"कशाची, आत्ती?"

आईला वाटलं ऐकू आलं नाही. "क्षमा गं. आज क्षमावणी."

"ते कळलं. पण कशाची ते सांगून मागा."

"अगं, सगळ्याचीच."

"सगळ्याची नको. नाव घेऊन मागा."

"त्रिशला, असं कुणी मागतं होय?" अण्णा खाटेवरून म्हणाला.

"आजवर नसेल मागत. माझ्या पोटावर सोमवारी सुरी फिरणार आहे. त्याच्या आत मला ऐकायचंय."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "तू नाही म्हणालीस असं मी धरून चालले," ती म्हणाली. "तुझ्या हातचा चहा टाकला. गल्लीत सांगितलं." ती थांबली. "पूर्वाला म्हणाले, तुझी आई बाबांना मरू देतीय."

हे शेवटचं त्रिशलाला माहीत नव्हतं. तिनं डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले. मग उघडून म्हणाली, "क्षमा केली." आणि नणंदेकडं वळली.

पद्मजानं हात जोडले होते. ठरलेले शब्द तोंडात तयार होते. ते म्हणून मोकळं होता आलं असतं, त्रिशलानं विचारलंही असतं की नाही कुणास ठाऊक. पण तिनं ते म्हटले नाहीत.

"पहिल्या वेळी मी नाही दाबलं होतं," ती म्हणाली. "तू देशील असं मनात धरून. आणि तुला सगळे बोलत होते तेव्हा मी गप्प बसले. त्याची."

मग आईच पहिल्यांदा बोलली. "गप बस. वहिनीला बरं वाटावं म्हणून उगीच स्वतःवर ओढून घेतीस."

"आई, खरं सांगतीय."

"पद्मे, पुरे," अण्णा मायेनं म्हणाला. "मला काय कळत नाही होय? लहानपणीसुद्धा माझा मार तूच अंगावर घ्यायचीस."

पद्मजा त्याच्याकडं बघत राहिली. त्याला पटवून द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. आपण काय दाबलं ते जगात कुणालाही दाखवता येऊ नये, याची सोय तिनंच केली होती, आणि ती सोय चोख होती. तिला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. हे आता आपल्याला एकटीलाच बाळगावं लागणार.

"मला पटतंय," त्रिशला म्हणाली.

"तुला काय पटतंय?" आईनं विचारलं.

"वन्सं म्हणतात ते. त्या दिवसांत सगळे मला विचारत होते, खरं सांग म्हणून. शेजारचे, माहेरचे, हेसुद्धा. वन्संनी एकदाही विचारलं नाही. ज्याचा स्वतःचा होकार असतो तो विचारल्याशिवाय राहत नाही." ती हे अगदी शांतपणे बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. अण्णाचं हसू तोंडावरच विरलं. आई बाकड्यावर बसली.

पद्मजाला रडू आलं. इतक्या महिन्यांत एकदाही आलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर आलं आणि आवरता आवरेना. फार दुखत होतं. त्रिशलानं तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसा असंही म्हणाली नाही.

"आत्तींना केली, ती मनापासून केली," रडणं थोडं ओसरल्यावर ती म्हणाली. "तुम्हाला आज नाही जमणार, वन्सं. उद्या जमेल असंही सांगत नाही."

"बरं," पद्मजा म्हणाली.

"पण सोमवारी पूर्वाला मी आत्तींपाशी ठेवणार नाही. नांदणीला आई आजारी आहे. तुम्ही इथं राहायला या. सकाळी तिला लवकर उठवावं लागतं, उठत नाही. वेणी घट्ट घातली तर रडते. आणि माझ्याबद्दल तिनं काही विचारलं तर खरं सांगायचं, झाकायचं काही नाही."

"येते."

"रविवारी संध्याकाळीच या," त्रिशला म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत पानं वाढायला स्वयंपाकघरात गेली.